टाच टेकते का
भुकूमला भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये छताचं पीओपी चाललं होतं. त्या ओल्या प्लास्टरच्या वासानं मला पौडच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली. माझी मुलगी वाकड्या पावलांची जन्मली होती, आणि पुन्हा पुन्हा प्लास्टर घालून तिची पावलं सरळ केलेली होती. ती चार वर्षांची झाल्यावर, उपचार टिकलेत का हे डॉक्टरीणबाई तपासणार होत्या. बसताना टाच उचलली, तर पुन्हा प्लास्टर, कदाचित ऑपरेशनही. चालून झालं, पळून झालं. मग त्या म्हणाल्या, "आता उकिडवी बस बरं." पोरगी माझ्या साडीला चिकटली. "न्हाई! परत प्लास्टर घालत्याल." मग मीच गार फरशीवर उकिडवी बसले. "ये, माज्यासमोर बस." ती हळूहळू खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी फरशीला गाल लावून तिच्या टाचांखाली कागद सरकवून पाहिला. मला तिकडं बघवेना, मी त्यांचा चेहराच बघत राहिले. "शिरतच नाही कागद," त्या हसल्या, "दोन्ही टाचा पक्क्या टेकल्यात." मुलगी आता नववीत आहे, तिला यातलं काहीच आठवत नाही. मी मात्र ती शाळेतून आली की अजून आधी पायांकडे बघते, मग तोंडाकडे.