कॅलेंडर नावाची फाईल

रुग्णालयातल्या नर्सांच्या ड्यूट्या लावायचं काम ज्यांच्याकडे, त्यांना सगळे ड्यूटीबाईच म्हणत. खरं नाव काय ते पगाराच्या पावतीवर उरलेलं. या बाईंनी हौसेनं पायथन नावाची संगणकाची भाषा शिकून घेतली आणि तिथंच सापडल्या. एका वॉर्डाचा तक्ता संगणक काढून देतो म्हटल्यावर दुसऱ्यालाही तो हवा झाला, मग तिसऱ्याला. बाईंनी पहिलाच प्रोग्राम उचलायचा, तसाच्या तसा चिकटवायचा, वॉर्डाचं नाव बदलायचं. झालं काम!

पण नियम बदलला की एकेक प्रोग्राम उघडून दुरुस्त करा. एखादा राहिलाच, की कुणीतरी बिचारी रात्रपाळी उरकून सकाळी पुन्हा कामावर. मग फोन बाईंना. तिकडं लेकीला बाळ झालेलं, आणि या आजीला नातवाचं तोंड बघायला जायची सोय नाही. डोळे असे चुरचुरत की पडद्यावरची ओळ दोनदा वाचावी लागे.

शेवटी बाईंनी ठरवलं, नियम सगळे एकाच फाईलीत ठेवायचे आणि प्रत्येक प्रोग्रामनं ते तिथून इम्पोर्ट करायचे, म्हणजे मागवून घ्यायचे. तारखांचा मामला, म्हणून फाईलीला नाव दिलं ‘कॅलेंडर’. चालवून बघतात तो एकही तक्ता निघेना.

मोठ्या सिस्टर दारात उभ्याच होत्या. “काय हो, आज नवीन काय मोडलंत? जुनं चालत होतं की!”

“चालत कुठं होतं? मी ढकलत होते.”

बाईंनी पडद्यावरचा चूक कळवणारा निरोप पुन्हा वाचला आणि कपाळाला हात लावला. पायथनपाशी मुळातच एक कॅलेंडर असतं, महिन्याचे दिवस सांगणारं. बाईंची फाईल त्याचीच मदत मागत होती. पण पायथन आधी जवळच्या फोल्डरात बघतो, आणि तिथं बसलेली बाईंचीच फाईल!

“अहो, घरात दोन काकू असल्या की जवळची ‘ओ’ देते ना, तसं झालंय. आणि इथं हाक मारणारी काकूही हीच.”

“म्हणजे फाईल अगदी तुमच्यावर गेलीय, सगळं एकटीनंच,” सिस्टर म्हणाल्या.

हसायचंही त्राण नव्हतं. बाईंनी फाईलीचं नाव ‘नियम’ केलं, प्रोग्रामांतही तेच घातलं. तक्ते निघाले. मग खुर्ची सोडून त्यांनी सिस्टरांना बसवलं. “रात्रपाळीनंतरची सुट्टी एकाची दोन दिवस करा बघू.”

सिस्टरांनी एका बोटानं आकडा बदलला. सगळ्या वॉर्डांचे तक्ते बदलले.

“अगंबाई, एवढंच?”

“एवढंच. मग जाऊ मी?”

“जा हो. काही अडलं तर फोन...”

“अडलं तरी नको.”

जिन्यात उभं राहून बाईंनी लेकीला फोन लावला. “येतेय गं. बाळाला आता मी सांभाळते.”

“ये,” लेक म्हणाली, “पण आवाज ऐकलास का स्वतःचा? आधी झोपायचं. बाळाशेजारी जागा आहे.”