मोठीमाय गप्प बसली तेव्हा

मोठीमाय गप्प बसली आहे, असं कधी घडायचंच नाही. समोर माणूस नसलं तर ती चुलीशी बोलायची आणि चूल विझलेली असली तर मांजरीशी. ओल्या लाकडांना विचारायची, 'काऊन वं, आज काऊन रुसली?' भात उतू जायला लागला की त्यालाही समजावायची, 'हळू हळू, कोणी मागं लागलं नाई तुह्या.' मोठेबाबा म्हणजे तिचा नवरा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्नानंतर त्यांची वाचाच गेली, अशी गावात चेष्टा चालायची. ते नुसते हसायचे. बिचाऱ्यांना मधे शिरायला जागा तरी कुठे होती!

मी चार वर्षांची असताना माझी आई गेली. वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, महिन्यातून एकदा येणार. मूल-सिंदेवाहीच्या मधल्या आमच्या गावात मला मोठीमायनंच वाढवलं आणि तेही अखंड बोलत बोलत. मला ताप आला की ती तापाला शिव्या घालायची. 'निघ मेल्या इथून! माहीच पोट्टी सापडली काय तुले?' पुढे मी नर्स झाले, लोकांना गोळ्या दिल्या, पण खरं सांगते, त्या शिव्यांइतका भरवसा मला कुठल्याच गोळीचा वाटला नाही.

आमच्या बांधावर मोहाचं एक जुनं झाड आहे. मार्चअखेर फुलं गळू लागतात. त्याआधी खालचा पाचोळा काढावा लागतो, नाहीतर वेचायची फुलं पानांत हरवतात. आमच्याकडे बहुतेक जण सरळ काडी लावून मोकळे होतात. मोठीमायही तेच करायची. माझं नर्सिंगचं शिक्षण संपलं त्या वर्षी आम्ही दोघी अशाच गेलो. कुणाच्या तरी लग्नातल्या साडीची निंदा रंगात आली होती आणि त्या नादात तिनं काडी लावली.

पाचोळा भुर्रकन पेटला आणि त्यातून एक तितर मादी ओरडत उठली. तिच्यामागे तीन-चार पिल्लं बोरीच्या झुडपांत पळाली. एक मागे राहिलं. मोठीमाय अनवाणी पायांनी आग तुडवत आत शिरली आणि ते उचलून आणलं. अंगठ्याएवढं पिल्लू, एका बाजूची लव करपलेली. तिचे तळवे भाजले होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती स्वतःच्याच तोंडावर मारून घेत होती. 'हे तोंड! बोलत बसली मी. पाह्यलंच नाई खाली.'

पिल्लू झुडपापाशी ठेवून आम्ही संध्याकाळपर्यंत लांब बसून राहिलो. मादीचा आवाज आला, पण लांब लांब जात राहिला. एक कावळा दोनदा घिरट्या घालून गेला, तशी मोठीमाय उठली आणि पिल्लू ओटीत घेतलं. म्हणाली, 'आता मेलं तर माह्या हातानं मेलं.'

घरी त्याला कापसाच्या चिंध्या घालून गाडग्यात, चुलीच्या उबेला ठेवलं. खायला वाळवी. त्यासाठी ती एक फुटकं मडकं शेणानं भरून वारुळापाशी पालथं घालायची आणि सकाळी उलटलं की आत वाळवीच वाळवी. 'घ्या बाई, पंगत वाढली,' म्हणत ती एकेक किडा पुढे टाकायची. मोठेबाबांनी एकदा धीर करून म्हटलं, 'जंगलखात्याचे लोक येतीन हो.' ती म्हणाली, 'येऊ द्या. त्याहिलेच बसवतो वाळवी वेचाले.' तिच्या लेखी मी थोरली पोट्टी आणि हे पिल्लू धाकटी पोट्टी. दोन महिन्यांत धाकटी तिच्या आवाजामागे घरभर धावू लागली. मोठीमाय गोठ्यात बोलली की ही गोठ्यात, विहिरीवर बोलली की विहिरीवर. खरं सांगायचं तर मला थोडा मत्सरच वाटायचा.

मग एक दिवस शेजारचे गणपतभाऊ आले. तितर पाहून खूश झाले. म्हणाले, 'मले द्या हे. असं माणसाळलेलं तितर रानात बांधून ठेवलं का त्याच्या आवाजानं बाकीचे येतात. बाजूले फासे लावले का झालं काम.' मोठीमायनं त्यांना खराटा घेऊन फाटकापर्यंत पोचवलं. परत आली ती पायरीवर बसलीच. पिल्लू येऊन तिच्या पायाशी टेकलं. 'माह्या आवाजामागं येते,' ती म्हणाली, 'उद्या ही कोणाच्याही आवाजामागं जाईन.'

दुसऱ्या दिवसापासून मोठीमाय गप्प.

अहो, घर घरासारखं वाटेना! दूध उतू गेलं, कुणी त्याला रागावलं नाही. मोठेबाबा घाबरून विचारू लागले, 'बरं नाई का वं?' बोलायची सवय नसलेला माणूस, एवढं विचारून दमायचा. ती हातानंच खुणा करायची. वाळवी आता रोज थोडी लांब टाकायची. अंगणात, मग वाडीत, मग बांधावर. धाकटी जवळ आली की खराटा आपटायची. ती पळायची, थांबायची, मान लांब करून मागे बघायची. मोठीमायच्या तोंडात पदराचा बोळा असायचा, आणि डोळे भरलेले.

त्याच दिवसांत माझी नोकरीची ऑर्डर आली. सिरोंच्याकडच्या उपकेंद्रात, पार तेलंगणाच्या हद्दीला. मी जाहीर केलं, 'मी नाही जाणार. भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही. इथेच कुठे तरी मिळेल.' मला वाटलं, ती म्हणेल, 'नको जाऊ, पोरी.' ती काहीच बोलली नाही.

भाताचा रोवणा चालू असताना एका संध्याकाळी बोरीतून तितर ओरडले. धाकटीनं मान वर केली आणि जी धावली ती मागे न बघता. तिसऱ्या दिवशी मोठीमायला ती इतर तितरांबरोबर चरताना दिसली. त्या दिवशी घरी येऊन ती चुलीशी बोलली, मांजरीशी बोलली, मोठेबाबांना तर तासभर धारेवर धरलं. फक्त माझ्याशी नाही. मी जेवायला बसले की उठून जायची. एक दिवस माझी बॅग भरून दाराशी ठेवली. निघायच्या दिवशी एसटीपर्यंतसुद्धा आली नाही. पाठमोरी अंगण झाडत राहिली. गडचिरोली मागे पडली, आष्टी मागे पडली, तरी माझं रडं थांबेना. तितरासाठी डोळे भरले आणि मला पाठ! तिकडे गेल्यावरही महिनाभर माझा राग गेला नव्हता.

दिवाळीला गावी गेले तर मोठीमाय एसटी थांबायच्या आधीपासून बोलत होती. फराळाचं ताट समोर ठेवूनसुद्धा मला तोंड उघडू देईना. ती आत गेल्यावर मोठेबाबांनी अंगणातला एक खोलगट भाग दाखवला. 'तू गेली तवा झाडत होती ना. दुपारवरी तिथीच झाडत होती. खड्डा पडला पाहा.' मग मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला.

मोहाखाली तिनं पुन्हा कधी काडी लावली नाही. खराट्यानं झाडायची, कंबर मोडेस्तोवर. आणि झाडण्याआधी उभी राहून हाक द्यायची, 'उठा वो बाई, लेकरं घेऊन बाजूले व्हा, मी आली!' येणारेजाणारे हसायचे.

दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात होती. मी रजा काढून गेले तर भिंतीकडे तोंड. दोन दिवस माझ्याशी एक अक्षर नाही. बाकी सिस्टरशी, आयाशी सगळ्यांशी बोलत होती. आता मला ते गप्प बसणं ओळखता येत होतं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या कानाशी म्हटलं, 'मोठीमाय, तितर गेलं असेल. मी हाकलली तरी जात नाई.'

ती वळली. मग जी सुटली! सलाईनच्या बाटलीला शिव्या दिल्या, डाळ पातळ असते म्हणाली, माझी वेणी कशी सैल आहे ते सांगितलं. बोलता बोलता दमली, तेव्हा माझा हात धरला. 'मोह झाडशीन तवा पह्यले आवाज देजो.' आठवड्याभरात ती गेली.

आता दर मार्चला मी चार दिवस रजा काढून गावी येते. स्वभावानं मी अबोल आहे, घरात इतकं बोलणारं माणूस असताना दुसरं काय होणार? पण मोहाखाली खराटा घेऊन उभी राहिले की मोठ्यानं ओरडते, 'उठा वो बाई, लेकरं घेऊन बाजूले व्हा, मी आली!' मग थोडा वेळ थांबते. बोरीच्या झुडपांत काही तरी सळसळत लांब गेलं की झाडायला लागते.