न उघडणारी केटली

पेचकसला खरं नाव होतं, पण ते कारखान्याच्या हजेरीपुरतं. गल्लीत तो लहानपणापासून पेचकसच. घड्याळ म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, हाताला लागेल ते उघडायचा आणि, आश्चर्य म्हणजे, पुन्हा चालू करून द्यायचा. त्याच हातांच्या जोरावर तो विजेच्या केटल्यांच्या कारखान्यात लागला आणि सुपरवायझर झाला. कसा झाला, हे मात्र त्याने आईला कधी सांगितलं नाही. केटलीच्या बुडाचे स्क्रू काढा, बूड सरळ चिकटवून टाका, काम झटपट होतं, ही अक्कल त्याची. बिघडली की फेका आणि नवी घ्या, मालकाला आणखी काय हवं!

मग एक दिवस आईचीच केटली बंद पडली. पाठोपाठ शेजारच्या मावशीही आपली बंद केटली घेऊन हजर.

"माझ्या लेकानेच बनवलीय," आई ऐटीत म्हणाली. "आधी आमची करू दे, मग तुमची. चुटकीसरशी उघडेल."

"हत्यारं कारखान्यात आहेत," म्हणत पेचकसने वेळ मारून नेली आणि आईची केटली उचलून तो निघाला. कारखान्यात त्याने फटीत पातं घालून पाहिलं, गरम हवा मारली, शेवटी छिन्नी घेतली. बुडाचे तुकडे झाले तेव्हा कुठे जळकी वायर दिसली. बोटभर वायर! शाळेत असताना त्याने ती उभ्या उभ्या बदलली असती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुकडे पिंपात टाकून तो तशीच नवी केटली घेऊन घरी आला.

"झाली दुरुस्त," तो आईकडे न बघता म्हणाला.

आईने झाकण उघडून आत बोट फिरवलं. जुनीच्या तळाला पाण्याचा पांढरा थर होता, ही लख्ख. तेवढ्यात मावशी दारात.

"झाली ना? मग आमची देऊ का?"

पेचकसने मान खाली घातली.

"त्याला आता अजिबात वेळ नाही हो," आई म्हणाली. "कामाने पार दमलाय पोर."

मावशी हिरमुसून गेल्या. आई आयुष्यात कोणाशी खोटं बोलली नव्हती.

"जुनीला काय झालं होतं?"

"एक वायर जळली होती. पण ती उघडतच नाही, आई. मीच तशी करायला लावली."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने केटलीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि हळूच विचारलं, "मग ही बंद पडली की कोणाकडे नेऊ रे?"