जांघेतले दोन ठिपके

पुरुषाच्या त्या जागीही कॅन्सर होतो, हे मला साठाव्या वर्षी, स्वतःला झाल्यावरच कळलं. डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवण्यात जन्म गेला. गाडीत जरा खडखड झाली तरी उतरून बघायचो. अंगावरच्या फोडाकडे मात्र आठ महिने काणाडोळा केला. दाखवणार कुणाला? शेवटी धुण्यात डाग बघून बायकोनेच विषय काढला. गावात, लाटंबार्शात, विचारणाऱ्यांना आम्ही हर्निया सांगितला.

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, फोड काढू, पण रोग जांघेतल्या गाठींपर्यंत चढलाय का ते बघायला हवं. चढला असेल तर तिथल्या सगळ्या गाठी काढायच्या, मग पाय जन्मभर सुजू शकतो. नसेल तर सुटलो. जांघ चाचपून डॉक्टरांच्या हाताला काही लागत नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोडाच्या कडेला किरणोत्सारी औषधाची सुई द्यायची. ते औषध ज्या गाठीत पहिल्यांदा पोचतं, ती मशीनवर दिसते; रोग चढला तर आधी तिथेच चढतो. सुई किती दुखली ते विचारू नका.

इस्पितळात जाण्याआधी, सगळं बरं होईल का हे विचारायला, बायकोने देवळात प्रसाद लावून घेतला. मूर्तीला दोन्हीकडे पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. ती घरी येऊन म्हणाली, "देवान उजवो दिल्यान. आता कसली भिरांत नाय."

मशीनच्या पडद्यावर एकच ठिपका उमटला, आणि तोही डावीकडे. "डावी?" माझ्या तोंडून निघालं. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "ती तुमची उजवी, काका. फोटो समोरून काढलाय." मला एकदम हसू फुटलं. हसण्याचं कारण सांगितलं, तर बाई काही हसल्या नाहीत. आमच्याच बोलीत म्हणाल्या, "ठिपको म्हणजे रोग न्हय. आणि एक पुरणा नाय, दोन्हीकडचे होये." म्हणजे देवाने एक बाजू निवडून काही उपयोग नव्हता. त्यांनी मला तासभर चालायला लावलं, तेव्हा डावीकडचाही उमटला. मग दोन्हीकडे पेनाने खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनमध्ये त्या दोन गाठी काढून तपासायला पाठवल्या.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. उजवी गाठ स्वच्छ होती, डावीत रोग निघाला. त्या बाजूचं दुसरं ऑपरेशन करावं लागणार होतं. बायकोने डॉक्टरांना विचारलं, "आदी इले असते तर?"

डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." ते खोटं नव्हतं, पण मला सांभाळून बोललेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, फोडाची वाटली नव्हती एवढी.

बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, "घाल एकदाच्या काय शिव्या घालायच्या त्या."

ती फाइल पिशवीत कोंबत म्हणाली, "घालतलंय. आदी बरे जावा."