वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

धुळ्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली अर्ज लिहिणारे एक नाना बसत. मी कोर्टात कारकून, पण रोज भेटूनही त्यांचं आडनाव कधी विचारलं नाही. पक्षकार कितीही घाईत असो, ते सगळा कागद मोठ्यानं वाचून अहिराणीत समजावत आणि मगच अंगठा घेत.

मी एकदा हसलो, "नाना, पोथी लावली का?"

"बाबिलोनच्या राजानं कायदे दगडावर कोरले ना साहेब," ते चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हा त्यावरच लिहून ठेवलं, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं इथं यावं, हे वाचून घ्यावं. लोकांना वाचता कुठं येत होतं? कोणीतरी ऐकवतच असेल."

वडील गेल्यावर पारोळ्याच्या शेतात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचाही वाटा निघाला. विहिरीवर वीज घ्यायचा अर्ज आहे, असं सांगून मी तिला धुळ्याला आणलं. कागद हक्कसोडीचा होता, मीच लिहिलेला. त्यावर साक्षीदार म्हणून नानांची सही हवी होती.

"वाचू नका, गाडी चुकेल," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळा कागद वाचला. वाटा सोडल्याचं दोनदा समजावलं.

अक्का माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "खोटं कसाले सांगं रे भाऊ? नुसतं मांगतास, तरी दिन्हं असतं." आणि तिनं अंगठा पुढे केला.

नानांनी खाली मान घालून सही केली.

अक्का आता नाही. शेत अजून माझ्याच नावावर आहे, आणि कागद अगदी कायदेशीर आहे.