तात्यांच्या मुलाखतीतला एक शब्द

परवा भोईवाड्यात तात्यांकडे गेले होते. तात्या म्हणजे बाबांचे गिरणीतले दोस्त, वय ऐंशीच्या पुढे. माझा पीएचडीचा विषय दंगल… आणि दंगलीबद्दल बोलताना लोक हजार वर्षांपूर्वीचा इतिहास का काढतात, हा.

मागच्या महिन्यात त्यांची मुलाखत घेतली तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली होती. "त्यांनी आपली देवळं फोडली, आपण नुसते बघत बसलो," तात्या तावातावाने सांगत होते. मी वहीत लिहिता लिहिता विचारलं, कुठल्या गल्लीतलं देऊळ?

"गल्ली कसली गो बाय? सुलतानांच्या वेळचा सांगतंय मी."

मग आमच्या इथल्या ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलीवर आलो, तेव्हा आवाज एकदम खाली गेला. चाळीखाली एका मुसलमान टेलरचं दुकान होतं, ते "लोकांनी जाळलं"… एवढंच बोलले आणि चहा प्यायले.

घरी रेकॉर्डिंग उतरवताना लक्षात आलं. हजार वर्षांपूर्वी जे झालं, तिथे ‘आपण’ होतो. जिन्याखाली झालं, तिथे मात्र ‘लोक’ होते. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले… थीसिसला मस्त मुद्दा मिळाला होता.

उतरवलेली मुलाखत ज्याची त्याला वाचून दाखवायची, असा आमचा नियम आहे. परवा त्यासाठीच गेले होते. माझ्या मुद्द्याचं मी काही बोलले नाही, सरळ वाचत गेले. देवळांच्या भागाला तात्या मान डोलावत होते. टेलरचं वाक्य आलं आणि त्यांनी हात वर केला.

"ता ‘लोकांनी’ खोड."

थीसिसचं अख्खं प्रकरण त्या एका शब्दावर उभं होतं. मग काय लिहू, विचारलं.

"आम्ही."

गडबडीत माझ्या तोंडून निघालं, "आपण?"

"नाय. तू नव्हतीस त्यात. आम्ही."

मी खोडलं, वर ‘आम्ही’ लिहिलं. तात्यांनी वही जवळ घेऊन ते पुन्हा वाचलं आणि खाली सही केली. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दारात उभ्या होत्या, त्या डोळे पुसत आत गेल्या.

त्यांना विचारून, ओळख बदलून हे लिहितेय. मुद्दा गेला माझा, त्याचं काही नाही… पण इतकी वर्षं जिभेवर न आलेला शब्द त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिला, आणि मी त्यांनाच शब्दात पकडायला निघाले होते. तात्या, समोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून इथे माफी मागते.