कॅसेटमधलं नाव

जुन्या व्हिडिओ गेमची दुरुस्ती करणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. वणीतल्या एका म्हाताऱ्यानं कुणा बहिणीच्या वारलेल्या भावाचं नाव कॅसेटमध्ये जसंच्या तसं टिकवलं, अशी. ती वाचून नागपूर-अमरावतीचे लोक माझ्याकडं त्यांची यंत्रं पाठवतात. गोष्ट खोटी आहे. मी ती पसरवली नाही, पण पाच वर्षं खोडलीही नाही.

मी कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि ज्या व्हिडिओ गेमना कुणी हात लावत नाही ते दुरुस्त करू लागलो. आमच्या गावातल्या यंत्रांचे आजार ठरलेले. झाकण उघडलं की आत कोळशाची काळी पूड, पिनांवर हिरवट थर, वायर मुळाशी तुटलेली. स्पिरिट, जुना टूथब्रश आणि सोल्डरिंगचं सामान एवढ्यावर निम्मी कामं होतात.

आर्णीजवळच्या एका तांड्यावरची शिक्षिका पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी अशीच आली. सोबत तिची आई होती. तिला ती याडी म्हणायची. मामानं दुबईहून आणलेला व्हिडिओ गेम होता आणि एकच कॅसेट. टीव्हीवर चित्र येत नव्हतं. हा तिच्या मोठ्या भावाचा गेम. तो विशीत असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. खेळ एका वाटसरूचा, गावोगाव हिंडत पुढं जायचं. खेळणाऱ्यानं सुरुवातीला आपलं नाव लिहायचं, मग खेळ जिथं सोडला ते कॅसेट लक्षात ठेवते. सुरू केलं की आधी नावांची यादी येते. त्यात भावाचं नाव होतं आणि नावापुढं पत्त्यांतल्यासारखे सात लाल बदाम.

भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. ही टीव्ही लावून त्या यादीला ओवाळायची. यादीच्या आत ती कधी गेली नव्हती. आत गेलं आणि त्यानं सोडलेलं काही हललं तर, ही भीती. जाताना तिनं मला बजावलं, की कॅसेट उघडू नका, फक्त चित्र आणून द्या.

चित्र अर्ध्या तासात आलं. पिना साफ केल्या, यादी दिसली, नाव दिसलं, सात बदाम मोजले. तिथंच थांबायला हवं होतं. पण अशा कॅसेटच्या पोटात एक चपटा सेल असतो आणि त्याच्या जोरावरच तिला सगळं आठवतं. हा सेल वीसेक वर्षांचा. आज ना उद्या जाईल आणि नावही घेऊन जाईल. मला वाटलं, न सांगता बदलून देऊ, तिचं भलं होईल. त्याची रीत मला ठाऊक होती. आधी बाहेरून दुसरा सेल दोन तारांनी जोडायचा, मग जुना काढायचा, म्हणजे वीज क्षणभरही तुटत नाही. तारा मी सोलून ठेवल्या होत्या.

पण बत्तीस वर्षं खाणीत एकच शिस्त पाळली होती. आधी सप्लाय तोडा, मग हात लावा. ती न पाळलेली माणसं मी पाहिली आहेत. कॅसेट उघडली आणि माझ्या हातानं सवयीनं, काही विचार न करता, आधी जुना सेल काढून बाजूला ठेवला. सोललेल्या तारा शेजारीच पडल्या होत्या. नवा सेल टाकून टीव्ही लावला तर यादीत तीन रिकाम्या ओळी.

तेव्हा फोन करून सांगायला हवं होतं. मी यंत्र अजून अडलंय म्हणून मुदत मागितली आणि खेळायला बसलो. पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहिलं. बदाम एकेक करून मिळवावे लागतात. माझी बोटं जाड, डोळे कमजोर. बायको म्हणायची, "नातवंडायचं वय तुमालेच लागलं वाट्टे." एकोणीस दिवसांनी सातवा बदाम मिळाला, आणि तिथंच मी खेळ थांबवला.

ती आली, यादी पाहिली, पदरानं टीव्हीची काच पुसली. मग कॅसेटच्या स्क्रूवरचे ताजे ओरखडे तिच्या लक्षात आले.

"काका, उघडली का?"

"सेल बदलला. नाव जाऊ देलं नाही," मी म्हणालो.

तिनं वाकून नमस्कार केला. ग्रुपवरची गोष्ट तिनंच लिहिली, माझ्या फोटोसकट.

त्यानंतर दर वर्षी दसरा झाला की ती सर्व्हिसिंगला येई. यवतमाळला गाडी बदलून, मांडीवर यंत्र धरून. सोबत डब्यात याडीनं केलेलं काहीतरी. मला ते घशाखाली उतरत नसे आणि नको म्हणता येत नसे. यंत्र एकदाचं जळावं असं मनात येई, आणि हात मात्र ते घासूनपुसून लख्ख करत. दुसऱ्याकडं जा म्हणावं, तर तो कॅसेट उघडेल, खेळ किती दिवसांपूर्वीचा हे त्याला कळेल का, असल्या शंका मला पडत. ऑक्टोबर लागला की फोन वाजला तरी मी आधी नंबर पाही. घरात बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यंदा याडीही आली. तिची नजर अधू होत चालली आहे. दिसतंय तोवर लेकरू कुठवर पोचलं ते पाहायचं, असा तिनं हट्ट धरला होता. मुलीनं मला विचारलं, आत गेलं तर काही बिघडेल का. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं बटण दाबलं. नदीकाठी एक पडकं देऊळ आणि त्याच्या पायरीवर उभा वाटसरू. म्हातारी टीव्हीच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेला लागायला आलं. तिथूनच तिनं मला विचारलं,

"इथंसा काहून थांबला असन, भाऊ? समोर वाट तर हाय."

मुलगी रडत होती. त्या जागेला ती पुढं आयुष्यभर काहीबाही अर्थ लावत बसली असती, आणि ती जागा माझी होती. माझे डोळे दुखत होते म्हणून मी तिथं थांबलो होतो.

"तो नाही थांबला, बाई. मी थांबलो."

मग सगळं सांगितलं. सेल, तारा, एकोणीस दिवस. मुलीनं मध्येच विचारलं, "पाची वर्षं?" मी हो म्हणालो. तिनं वायर ओढून काढली आणि गुंडाळायला घेतली, पण ती गुंडाळली जाईना.

म्हातारी माझ्याकडं वळली. "मंग आमचा कुठं होता?"

"मले माहीत नाही. मी आत पाह्यलंच नाही."

बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. चहा कुणी घेतला नाही. त्या दोघी यंत्र आणि कॅसेट घेऊन एसटीला गेल्या. भाऊबीजेला मुलीनं काय केलं, मला माहीत नाही.

सगळं सांगितल्यावर सुटका होईल असं मला वाटलं होतं. आता म्हातारीचा फोन येतो, आठवड्याला एखादा. ती रागावत नाही. त्यानं मागं सोडलेलं शेवटचं पाहणारा माणूस मी, म्हणून ती मलाच विचारते.

"आठवलं काय काही?"

मी सांगतो, नाव होतं आणि सात बदाम होते. ती वाट पाहत राहते. एखादी विहीर, एखादं आंब्याचं झाड सांगून टाकावं असं अगदी ओठावर येतं. तेवढ्यानं तिचं समाधान होईल, हे मला कळतं.

"अजून काही नाही, बाई," मी म्हणतो. ती फोन ठेवत नाही. मलाही ठेवता येत नाही.